पेटीवर नाव कुणाचं: हापूसचं की आपलं?

बाग रत्नागिरीत, कलमं हापूसची, आणि यंदापासून वाशीच्या दलालाकडे न पाठवता थेट घरोघरी विकायचं ठरलंय. मग झाकणावर ठळक काय छापायचं? 'रत्नागिरी हापूस', की आडनाव? मोहोर धरला की कुणी ना कुणी हे विचारतंच.

आधी आयतं मिळणारं बघू. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, म्हणजे ते नाव ठरावीक भागातल्या मालापुरतंच राखलं गेलं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करता येते. हापूस म्हणजे काय, हे गिऱ्हाइकाला समजावत बसावं लागत नाही. ते काम पणजोबांच्या पिढीनेच करून ठेवलंय. पण हे नाव सगळ्यांचं. शेजाऱ्याने कोवळा आंबा उतरवून कार्बाइडमध्ये पिकवला, तरी नाव खराब होतं हापूसचं. कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून खपवतात, ते दुखणं वेगळंच.

कोल्हापुरी चपलेचं बघा. तिला मानांकन 2019 चं. 2025 मध्ये प्रादाच्या मिलानमधल्या शोमध्ये तसल्याच चपला झळकल्या आणि कोल्हापूरचं नाव जगभर गाजलं. पण चप्पल शिवणाऱ्या एका तरी कारागिराचं नाव आपल्याला ठाऊक आहे का? उलट बाकरवडी आणायला सांगताना 'पुण्याची' कुणी म्हणत नाही, 'चितळ्यांची' म्हणतात.

आडनावाला खर्च येतो. ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज वैयक्तिक नावाने केला तर प्रत्येक वर्गाला 4,500 रुपये. ताजी फळं वर्ग 31 मध्ये, पल्प 29 मध्ये, म्हणजे दोन्ही विकणाऱ्याला दोनदा फी. नोंदणी 10 वर्षांची, पुढे नूतनीकरण. 'अस्सल', 'गोड' असली नावं सहसा अडतात, आणि 'रत्नागिरी हापूस' तर एकट्याच्या मालकीचं होऊच शकत नाही. अर्ज खोकी छापण्याआधी करा. (आम्ही उलट केलं. पाचशे झाकणं अजून माळ्यावर आहेत.)

खरा खर्च मात्र साक्याचा. पहिल्याच वर्षी ठाण्याच्या एका काकूंचा फोन आला, "अहो, पाच डझनांत नऊ आंबे साक्याचे!" साका बाहेरून कळत नाही, कापल्यावरच तो पांढरट, आंबूस गर दिसतो. दलालाकडे गेलेल्या पेटीबद्दल असा फोन बागेपर्यंत येतच नाही. इथे झाकणावर आमचं आडनाव आणि नंबर, पळणार कुठे? नऊच्या जागी डझनभर पाठवले. पुढच्या वर्षी काकू भिशीतल्या चौघींची ऑर्डर घेऊन हजर.

तेव्हा माल बहुतेक घाऊकच जाणार असेल, तर मानांकन पुरे. फळवाला पेटी फोडून आंबे डझनावर विकतो, झाकण रद्दीत जातं. तिथे आडनावावर पैसे घालू नका. घरपोच गिऱ्हाईक असेल, त्यातही आंबापोळी नि आमरसाचे डबे विकायचे असतील, तर आडनाव हवंच. आंबा दोन-अडीच महिन्यांचा, उरलेलं वर्ष लोकांनी आठवण ठेवायची ती कशाच्या जोरावर?

आम्ही आता आडनाव मोठं, त्याखाली 'रत्नागिरी हापूस' आणि मानांकनाचं चिन्ह छापतो. फोन नंबर मात्र झाकणावर नाही, पेटीच्या बाजूवर. झाकण सगळ्यात आधी फेकलं जातं.