डेब-८२२ मॉड्यूल: आठ महिने वापरल्यावर

इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, भुट्ट्याच्या कीसची प्लेट हातात आली आणि फोन वाजला. बाराही सर्व्हरवर अ‍ॅप्ट, म्हणजे पॅकेजं घालणारं आणि अपडेट करणारं साधन, बंद. 'कॉन्फ्लिक्टिंग व्हॅल्यूज सेट फॉर ऑप्शन साइन्ड-बाय.' म्हणजे एकाच रेपोसाठी (पॅकेजांच्या कोठारासाठी) सही तपासायची किल्ली दोन ठिकाणी वेगवेगळी सांगितलीय. साठ रुपयांचा कीस मित्राने खाल्ला. तो राग अजून आहे, तेव्हा त्या हिशेबाने वाचा.

अ‍ॅन्सिबल म्हणजे अनेक सर्व्हर एकदम सेट करायचं साधन. त्याच्या जुन्या मॉड्यूलवरून मी आठ महिन्यांपूर्वी डेब-८२२ वर आलो; अ‍ॅप्टने पॅकेजं कुठल्या रेपोतून घ्यायची, त्या फाइली हे मॉड्यूल लिहितं. माझ्या आधीच्या गृहस्थांनी निम्म्या बाहेरच्या रेपोंना 'ट्रस्टेड=येस' लावलं होतं, म्हणजे सही तपासूच नका. बाकीच्यांच्या किल्ल्या अ‍ॅप्ट-कीने एकाच गाठोड्यात. त्यातली कुठलीही किल्ली कुठल्याही रेपोला चालते. मॉनिटरिंगवाल्याच्या किल्लीने सही केलेलं ओपनएसएसएलसुद्धा (एन्क्रिप्शनची लायब्ररी) अ‍ॅप्ट निमूट घेतं. साइन्ड-बायमुळे किल्ली ज्याची त्याच्यापुरती राहते. पाच तारे तिथेच दिले होते.

पहिला तारा मीच कापला. साइन्ड-बायला यूआरएल दिला की मॉड्यूल किल्ली उतरवून घेतं, पण ती बहुतेक त्याच विक्रेत्याच्या साइटवरून. म्हणजे साइट फोडणारा किल्लीही बदलेल. आता किल्ल्या गिटमध्ये ठेवतो. ठेवण्याआधी फिंगरप्रिंटची, म्हणजे किल्लीच्या ओळखीची, ४० अक्षरं जुळवतो: बायको पोहे खाताखाता कागदावरून चार-चार अक्षरं वाचते, मी स्क्रीनवर बोट फिरवतो.

आता त्या रात्रीचं. संध्याकाळी मीच एका विक्रेत्याचं पॅकेज अपग्रेड करून निघालो होतो. पॅकेजची इन्स्टॉलनंतरची स्क्रिप्ट रूट म्हणून, म्हणजे पूर्ण अधिकारांनी, चालते. तिने सोर्सेस-लिस्ट-डीमध्ये (अ‍ॅप्ट रेपोंची यादी वाचतं त्या फोल्डरमध्ये) स्वतःची .लिस्ट फाइल टाकली: रेपो तोच, किल्लीचा पत्ता वेगळा. मॉड्यूलची माझी .सोर्सेस फाइल शेजारीच. अ‍ॅप्टने दोन्ही पाहिल्या आणि यादी वाचायलाच नकार दिला. मॉड्यूल आपली फाइल तेवढी सांभाळतं, शेजारची बघत नाही. शिवाय चालायला त्याला पायथॉन३-डेबियन हे पॅकेज लागतं. नव्या बाराव्या सर्व्हरवर ते नव्हतं, आणि अ‍ॅप्टच बंद म्हटल्यावर घालणार कसं? रात्री दीडला हाताने फाइल उडवली.

म्हणजे सही खरी, किल्ली खरी, आणि तरी पाहुण्याने माझ्या वहीत लिहिलं. आता अपडेटच्या आधी एक टास्क फोल्डरमधली प्रत्येक अनोळखी .लिस्ट काढून टाकतो. शिवाय पिनिंग, म्हणजे कुठून काय घ्यायचं याचा अग्रक्रम: त्या विक्रेत्याच्या होस्टवरच्या सगळ्या पॅकेजांना उणे १ (घेऊच नको), हव्या त्या एकालाच ५०० (नेहमीसारखं घे). नाहीतर आवृत्तीचा आकडा मोठा दाखवून तो उद्या लिबसीही (जवळपास सगळे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती लायब्ररी) घुसवेल. स्क्रिप्ट मात्र पिनिंगने थांबत नाही, ती चालणारच.

मॉड्यूल ठेवतोय, साडेतीन तारे. स्वतःचा मिरर, म्हणजे रेपोची आपली प्रत, ठेवा असं सुचवणाऱ्यांनी डिस्कचं बिलही भरावं.

विक्रेत्याकडे तक्रार टाकली, तर उत्तर आलं: 'आमची सेटअप स्क्रिप्ट पुन्हा चालवून पाहा.' भांडण लावणारी ती .लिस्ट फाइल तीच स्क्रिप्ट लिहिते. तिकीट मी बंद करू दिलेलं नाही.