"काका, तुम्ही कोर्टात यायची गरज नाही": अपघाताच्या भरपाईत माझी झालेली फसवणूक

मी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर होतो. २०२३ च्या फेब्रुवारीत संध्याकाळी काम सुटल्यावर चालत शिवाजी पेठेत घरी येत होतो. मिरजकर तिकटीच्या अलीकडे रस्ता ओलांडताना एका चारचाकीने मला उडवलं. उजव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली. जवळच्या तालमीच्या पोरांनी गाडी अडवून धरली आणि मला रिक्षात घालून दवाखान्यात पोचवलं. एका पानपट्टीवाल्याने गाडीचा नंबर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून माझ्या भावाच्या हातात दिला. त्या सगळ्यांचे उपकार मी विसरणार नाही. तो नंबर नसता तर दावा करायला समोर कोणी उभंच नसतं.

तिसऱ्या दिवशी ऑपरेशन होऊन पायात रॉड पडला. चौथ्या दिवशी दुपारी तो आला. मी कोणाचंही नाव घेणार नाही, तक्रार चालू आहे. तिशीतला मुलगा, इस्त्रीचा शर्ट, हातात दोन शहाळी. "काका, कसं वाटतंय आता?" अशी सुरुवात. बाजूच्या पेशंटच्या नातेवाइकांशीही त्याची ओळख होती, नर्सला ताई म्हणत होता. मला वाटलं दवाखान्यातलाच कोणीतरी असेल. त्याला गाडीचा नंबर, मालकाचं गाव, विमा कोणत्या कंपनीचा आहे, सगळं पाठ होतं. मी म्हटलं, माणूस जाणकार दिसतोय. आमच्या अपघाताचे कागद आमच्या घरच्यांना अजून मिळालेले नाहीत, मग ही माहिती ह्याच्याकडे कुठून आली, हा प्रश्न त्या दिवशी आमच्यापैकी एकालाही पडला नाही.

घरची परिस्थिती सांगतो. महिन्याचा पगार १८ हजार, पतसंस्थेचं कर्ज डोक्यावर, मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. दवाखान्याचं बिल रोज वाढत होतं. अशा वेळी रोज संध्याकाळी येऊन पाच मिनिटं बसणारा, बायकोला "वहिनी, तुम्ही जेवला का?" विचारणारा माणूस परका वाटत नाही. माझे सख्खे नातेवाईक एकदा भेटून गेले, हा मात्र आठ दिवस येत होता.

पाचव्या दिवशी तो म्हणाला, "सहा महिन्यांच्या आत दावा घातला नाही तर एक रुपया मिळणार नाही." हे त्याने खोटं सांगितलं नव्हतं. मोटार वाहन कायद्यात १ एप्रिल २०२२ पासून अशी सहा महिन्यांची मुदत आली आहे. पण अपघाताला तेव्हा पुरता एक आठवडाही झाला नव्हता. साडेपाच महिन्यांहून जास्त वेळ हातात असताना त्याने मला सलाईन लावलेल्या हाताने सह्या करायला लावल्या. खऱ्या कायद्याचा धाक दाखवून घाई करायची, ही ह्या लोकांची रीत आहे हे मला नंतर कळलं.

मी सही केली ती कशाकशावर? एक वकीलपत्र, ज्यावर वकिलाच्या नावाची जागा मोकळी होती. तीन कोरे कागद. शंभराचा एक कोरा स्टॅम्प. मी विचारलं, कोऱ्यावर कशाला? "काका, तुम्हाला सारखं उठवायला नको. प्रतिज्ञापत्र लागतं, अर्ज लागतात. तुम्ही फकस्त बरं व्हा. कोर्टातबी यायची गरज नाही, ते माझ्याकडं लागलं." तुम्ही यायची गरज नाही, हे वाक्य मी पुढची दोन वर्षं ऐकत आलो आणि दर वेळी मला ते माणुसकीचं वाटलं. पायात रॉड, कुबड्या, कसबा बावड्याच्या कोर्टात जायचं तर रिक्षाचे पैसे आणि जिने. नको म्हणणारा माणूस बराच वाटणार.

त्याचा हिस्सा ठरला शेकडा तीस. "वकील, डॉक्टर, कंपनी, सगळ्यांचं त्यातच." वकिलाला असा हिस्सा ठरवता येत नाही, हे मला कोणी सांगितलं असतं तर! बार कौन्सिलच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे की खटल्याच्या निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही आणि मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायचा नाही. आणि पक्षकार गोळा करून आणणाऱ्या ज्या माणसांचं नाव दलालांच्या यादीत लागलंय, त्यांना तर २०२३ च्या दुरुस्तीनंतर वकील कायद्यातच तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. म्हणजे वकिलाच्या नावावर माझ्या खाटेशी बसून हिस्सा ठरवणं हेच मुळात नियमाविरुद्ध होतं.

त्याने फाईल नेली. डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, एक्स-रे, पगाराचा दाखला, सगळं अस्सल. आमच्याकडे झेरॉक्ससुद्धा राहिली नाही. माझ्या बायकोने दारात त्याला विचारलं होतं, "झेरॉक्स चालत नाही का?" तो म्हणाला, कोर्ट अस्सलच मागतं. कोर्टात अस्सल कागद हजर करावे लागतात हे खरं, पण ते दाखल करताना आणि दाखल केल्याच्या यादीसकट. दाखल होईपर्यंत ते आपल्या कपाटात राहू शकतात, आणि नंतरही आपल्याकडे एक प्रत असू शकते. तिचं ऐकायला हवं होतं.

आता खात्याचं. भरपाईचे पैसे ज्याच्या नावाचा दावा त्याच्याच बँक खात्यात येतात, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून मे महिन्यात तो घरी आला आणि म्हणाला, "तुमच्या पगाराच्या खात्यावर पैसे आले की पतसंस्थेवाले जप्ती आणतील. वेगळं खातं काढूया." मी घाबरलो. कर्ज थकलेलं होतंच. त्याने मला गाडीतून नेऊन दुसऱ्या एका बँकेत खातं काढून दिलं. फॉर्म त्यानेच भरला. मोबाईल नंबर त्याने स्वतःचा घातला, "तुम्हाला मेसेज वाचायला जमत नाही" म्हणून. चेकबुक आलं तेही त्याच्याच हातात, आणि चार चेकवर मी घरातल्या टेबलावर बसून सह्या करून दिल्या. तो कोर्टाचा खर्च म्हणाला होता. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नाही, कोणी धमकी दिली नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पोलिसांत गेल्यावर पहिला प्रश्न हाच येतो.

मग वाट बघणं. फोन केला की ठरलेली उत्तरं. साहेब रजेवर आहेत. कंपनीच्या वकिलाने तारीख घेतली. २०२४ च्या दिवाळीआधी तो घरी आला आणि पाकिटातून एक लाख वीस हजार रोख काढून ठेवले. "हे आगाऊ मिळालेत. मोठी रक्कम निकालानंतर." आम्हाला रडू आलं. पतसंस्थेचे हप्ते भरले. बायकोने त्याला फराळाचा डबा दिला. तो डबा आठवला की ती आजही बोलता बोलता उठून आत जाते.

२०२५ च्या जूनमध्ये मुलीने सहज म्हणून मोबाईलवर ई-कोर्टच्या ॲपमध्ये माझं नाव आणि दाव्याचं वर्ष घालून बघितलं. तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीने तिला ते दाखवलं होतं. ती म्हणाली, "पप्पा, ह्यात केस संपली म्हणून दाखवतंय." मी तिला म्हटलं, नावासारखं नाव असेल. दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा मी कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात गेलो. कुबडी टेकत. नकलेचा अर्ज केला. काही दिवसांनी नक्कल हातात आली. ते आठ-दहा कागद मी कोर्टाच्या आवारातल्या बाकावर बसून वाचले.

माझा दावा २०२४ च्या लोकअदालतीत तडजोडीने मिटला होता. चार लाख दहा हजारांत. तडजोडीच्या पुरशीसवर, म्हणजे कोर्टाला लिहून दिलेल्या निवेदनावर, सही माझीच होती. दवाखान्यात दिलेल्या कोऱ्या कागदांपैकी एक, वर मजकूर छापलेला. वकीलपत्रावर ज्या वकिलाचं नाव होतं त्यांना मी आयुष्यात पाहिलेलं नाही. त्यांना फोन केला तर म्हणाले, "तुमच्या माणसाने सगळं बघितलंय, त्यालाच विचारा." माझा माणूस!

बँकेत जाऊन उतारा काढला. कंपनीचे चार लाख दहा हजार जमा, त्यानंतरच्या आठवड्यात माझ्या सहीच्या दोन चेकने रोख उचल, शिल्लक काहीशे रुपये. त्यातले एक लाख वीस हजार त्याने दिवाळीची भेट आणल्यासारखे माझ्या घरात आणून ठेवले होते. त्याच्या नियमाबाहेरच्या तीस टक्क्यांनी धरलं तरी त्याचे एक लाख तेवीस हजार झाले असते. त्याने दोन लाख नव्वद हजार ठेवले.

पण त्याहून मोठं नुकसान मला नव्या वकिलांनी कागदावर मांडून दाखवलं, आणि ते सगळ्या कष्टकरी माणसांनी समजून घ्यावं असं आहे. भरपाई म्हणजे नुसती बिलांची बेरीज नसते. माझ्या पायाचं अपंगत्व डॉक्टरांनी कमी टक्क्यांत लिहिलं होतं. पण लेथवर आठ तास उभं राहावं लागतं, आणि मला अर्धा तास उभं राहवत नाही. पायाचं अपंगत्व किती आणि त्यामुळे त्या माणसाची कमाईची ताकद किती गेली, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सांगितलेलं आहे. बसून काम करणाऱ्याचा तोच पाय मोडला तर हिशेब वेगळा, माझा वेगळा. वयाप्रमाणे किती पटीने गुणायचं तेही २००९ च्या सरला वर्मा निकालाने ठरलेलं आहे. अपघातावेळी मी ५१ वर्षांचा, माझ्यासाठी ११. कमाईची ताकद तीस टक्के गेली एवढंच धरलं तरी १८ हजार गुणिले १२ गुणिले ११, त्याचे तीस टक्के म्हणजे सात लाख बारा हजार आठशे. दवाखान्याचा खर्च, बुडालेला पगार, वेदना हे सगळं त्यावर. अपघाताचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने एवढंच दिलं असतं असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण माझ्याकडून कोणी साक्षच घेतली नाही. मी लेथवर उभा राहतो हे त्या फाईलमध्ये कुठेही नाही. पगाराचा दाखला तर दाखलच केलेला नव्हता. त्याला पटकन मिटवून पैसे हवे होते.

त्याच आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. तिथल्या बाईंनी मला विचारलं, "तुम्ही काम काय करता?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. स्त्रिया, मुलं, अपंग, अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांनाही तसंच. बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. म्हणजे मला एक पैसा न देता वकील मिळाला असता, पहिल्या दिवसापासून. अपघातानंतर दहा दिवसांच्या आत पोलिसांनी जखमीला त्याच्या हक्कांची माहिती लेखी द्यायची असते, पोलिसांचा अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाकडे जातो आणि तो भरपाईचा अर्ज म्हणूनही धरता येतो, हे मला तिथेच कळलं. तुमच्या घरी असा प्रसंग आला तर तपास अधिकाऱ्याकडे त्या कागदाची मागणी करा. शहाळी घेऊन येणाऱ्याकडून कायदा शिकू नका, मी शिकलो.

दावा दाखल झाला की त्याला अक्षरं आणि आकडे मिळून सोळा खुणांचा सी.एन.आर. नंबर पडतो. तो वकिलाकडून मागून घ्या आणि घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. नंबर द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून त्याच दिवशी फाईल परत घ्या. माझ्या मुलीला शोधायला पाच मिनिटं लागली. ती पाच मिनिटं आम्ही २०२३ मध्ये दिली असती तर लोकअदालतीची तारीख आम्हाला आधी दिसली असती.

लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. फसवणुकीने सह्या घेतल्या असं म्हणायचं तर उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. हे ऐकल्यावर मी खचलो होतो, कारण मुंबईच्या फेऱ्या मला झेपणाऱ्या नव्हत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे इथेच बसून खटले ऐकणारं खंडपीठ, कोल्हापुरात सुरू झालं, सी.पी.आर. या सरकारी दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. इथल्या वकिलांनी आणि लोकांनी कित्येक वर्षं त्यासाठी आंदोलन केलं. त्या मोर्चांच्या दिवशी रस्ता अडला म्हणून मी चिडायचो. आता माझी रिट तिथेच दाखल आहे. वकिलाविरुद्ध महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार दिली आहे. पोलिसांनी माझा आणि बायकोचा जबाब घेतला, बँकेतून खातं उघडण्याचा फॉर्म मागवला आहे. त्यावरचा मोबाईल नंबर त्याचा आहे हे तरी कागदावर आलं.

त्याचा फोन बंद लागतो. माझे जुने एक्स-रे त्याच्याकडेच आहेत. रॉड काढायचा की ठेवायचा हे ठरवायला डॉक्टरांनी ते मागितले, तेव्हा नव्याने काढावे लागले. रिटची तारीख पुढच्या महिन्यात आहे. वकीलसाहेब म्हणाले, पक्षकाराने हजर राहिलंच पाहिजे असं नाही. मी त्यांना सांगितलंय की मी येणार.