बंदरावरची मांजरं: नुसतं खायला घालावं, ऑपरेशन करून सोडावं, की पिल्लं घरी आणावीत?

मे संपत आला की बंदरावर होड्या वर ओढायची घाई सुरू होते. इंजिनं उतरतात, जाळी गुंडाळून ताडपत्रीखाली जातात, बर्फाचे रिकामे खोके एकावर एक चढतात. १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद. माणसांनी तोवर सोडे, बोंबील, सुकट वाळवून डबे भरलेले असतात. मांजरांनी काहीच भरलेलं नसतं. दहा महिने लिलावाच्या वाळूवर बांगड्याच्या डोक्यांवर पोसलेली ही फौज जूनच्या पहिल्या आठवड्यात वाडीत शिरते. कोणाच्या पडवीत विते, कोणाच्या सुकटीच्या डब्याचं झाकण पाडते. मग शिव्या सुरू होतात आणि त्या शिव्यांत एखादीच कोणीतरी म्हणते, ह्यांचं काहीतरी बघायला हवं.

ती कोणीतरी तुम्ही असाल, तर पुढचं वाचा. कोकणातलं हर्णै असो, मिरकरवाडा असो की एखादी चार होड्यांची खाडी, वाटा त्याच असतात: रोज खायला घालणं, पकडून नसबंदीचं ऑपरेशन करून परत तिथेच सोडणं, पिल्लं घरी आणून घरं शोधणं, आणि एक चौथी, जिच्याबद्दल कोणी उघड बोलत नाही. गेली सहा वर्षं आम्ही चौघं यातल्या पहिल्या तीन वाटांवर आहोत. चौघं म्हणजे मी, मच्छी विकणाऱ्या एक काकू आणि कॉलेजातली दोन मुलं.

चौथी आधी उरकते. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं, ही धास्ती आपल्याकडे जुन्या माणसांत अजून आहे. म्हणून मारत कोणी नाही. पोत्यात घालतात आणि पुलापलीकडे नेऊन सोडतात. म्हणजे पाप पलीकडच्या गावाच्या खात्यावर. सोडलेलं मांजर एकतर चालत परत येतं, नाहीतर अनोळखी हद्दीत तिथल्या बोक्यांचा मार खात उपाशी मरतं. इकडे मासळीचा कचरा तसाच असल्यामुळे रिकाम्या जागेवर दुसरी मांजरं येऊन बसतात. प्राण्याला उपासमार होईल असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये, म्हणजे पुलापर्यंतच्या रिक्षापेक्षा स्वस्त. मारलं किंवा अपंग केलं तर गोष्ट वेगळी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही वाट सोडून द्या.

आता नुसतं खायला घालणं. सुरुवात करायला हे सगळ्यात सोपं, आणि थांबवायला सगळ्यात अवघड. हिशेब असा: मोठ्या मांजराला दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम कोरडं खाणं लागतं. दहा मांजरं धरली तर रोज अर्धा किलो, आणि बंदीच्या ६१ दिवसांना तीस किलोच्या वर. हा आकडा आधी कागदावर लिहा, मग ठरवा. अर्ध्या जूनमध्ये पैसे संपले म्हणून ताटली बंद करणं हे सुरूच न करण्यापेक्षा वाईट, कारण तोवर ती मांजरं तुमच्या दाराशी येऊन बसलेली असतात.

खर्च कमी करायला आम्ही हंगामात बांगड्याची डोकी उकडून, काटे काढून भातात कालवतो. कच्ची मासळी रोज नको. काही माशांमध्ये बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, तो उकडल्यावर जातो. नुसत्या तारलीसारख्या तेलकट माशांवरही मांजर धड राहत नाही. खारवलेलं सुकं तर अजिबात नको. गाईचं दूध बऱ्याच मोठ्या मांजरांना पचत नाही, संडास लागते. आणि एक गोष्ट ओरडून सांगण्यासारखी: मांजर आजारी दिसलं म्हणून आपल्या डब्यातली तापाची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्ध्या गोळीनेही मरतं.

जागा आणि वेळ ठरलेली हवी. जेट्टीवर लिलावाच्या पायवाटेत नको, शाळेच्या गेटाशी नको. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही वस्तीतल्या प्राण्यांच्या खाण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यांपासून, येण्याजाण्याच्या वाटांपासून दूर ठेवायला सांगितलंय, तेव्हा भांडण आलंच तर हे हाताशी असू द्या. वेळ उजेडातली, आणि अर्ध्या तासाने ताटल्या उचलायच्या. रात्री उरलेल्या खाण्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो, हे कोकणात कोणाला समजावून सांगायला नको. वेळास-आंजर्ल्यासारखा कासवांचा किनारा असेल तर घरट्यांच्या आसपास ताटली मांडूच नका; वाळूतून निघालेलं पिल्लू मांजराला खेळणंच वाटतं.

एवढं सगळं नीट केलं तरी नुसत्या खायला घालण्यात एक गोम आहे. पोट भरलेली भाटी, म्हणजे मादी मांजर, जास्त पिल्लं देते. गाभण राहून साधारण ६३ ते ६५ दिवसांत विते, एका वेळी तीन-चार-पाच पिल्लं, वर्षात दोन वेत सहज. पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते. चार-पाच महिन्यांची, आपल्याला अजून पिल्लूच वाटणारी मांजर गाभण राहते. यातली बरीच पिल्लं सहा महिने गाठत नाहीत, आणि ती मरताना बघणं तुमच्याच वाट्याला येतं. आमच्या पहिल्या वर्षी अकरा मांजरांना घालायला सुरुवात केली आणि पुढच्या मेमध्ये मोजली तर एकोणीस. पिकांवरच्या उंदरांमुळे, लेप्टोच्या तापाच्या भीतीने, वाडीत दोन-चार मांजरं सगळ्यांना हवीच असतात. एकोणीस कोणालाच नको होती.

म्हणून पकडून, ऑपरेशन करून परत तिथेच सोडणं. माझं मत लपवत नाही: एकच काम झेपणार असेल तर हे करा, आणि त्यातही भाट्या आधी. दहा बोक्यांपैकी नऊ केलेत तरी उरलेला एक सगळ्या भाट्यांना पुरतो. एक भाटी केलीत की तिचं वेत कायमचं थांबलं. बोक्यांचं ऑपरेशन काही मिनिटांचं आणि स्वस्त असतं, त्यामुळे आधी बोके उरकायचा मोह होतो. मारामाऱ्या, रात्रीचं ओरडणं, दारावर फवारणं कमी होतं, शेजारी खूश होतात, हे खरं. पण संख्या तिथेच राहते. लांबून भाटी ओळखायची एक खूण: काळा, पांढरा आणि भगवा असे तिन्ही रंग अंगावर असलेली कबरी जवळजवळ नेहमी भाटीच असते. भगवे बहुतेक बोके.

पकडायचं कसं, यातही दोन पर्याय. उंदराच्या पिंजऱ्याचा थोरला भाऊ म्हणावा असा लोखंडी पिंजरा, आत पाय पडला की दार पडतं. लांबी अडीच-तीन फूट. गावातला फॅब्रिकेशनवाला करून देतो. हा लावून तुम्ही बाजूला बसू शकता, पण आत कोण शिरेल ते तुमच्या हातात नाही. आमच्याकडे एक केलेला बोका फुकटच्या बांगड्यासाठी आठवड्यात तीनदा आत जाऊन बसला. दुसरा पर्याय म्हणजे जाळीचा मोठा खोका काठीवर तिरका उभा करून, दोरी हातात धरून वाट बघणं. वेळ जातो, मच्छर चावतात, पण हवी तीच भाटी मिळते, आणि पिंजऱ्याला भ्यालेलं मांजरही त्याखाली येतं. खोका पडल्यावर मात्र एकाने वर बसायचं आणि दुसऱ्याने पिंजरा तोंडाला लावायचा, एकट्याने जमत नाही. कसंही पकडलं तरी लगेच वरून जाड चादर टाका. अंधार झाला की धडपड थांबते. उघड्या हाताने धरू नका. चावलं किंवा ओरबाडलं तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. रेबीज काय फक्त कुत्र्याचा नसतो.

पकडायचा दिवस निवडण्यात बंदराची माणसं शहाणी. लिलाव जोरात असेल त्या दिवशी पोट भरलेलं मांजर पिंजऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. बंदरावर वादळाचा बावटा लागला, होड्या गेल्या नाहीत, की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिंजऱ्यासमोर रांग. ठरल्या वेळी खायला घालायची सवय लावलेली असेल तर हेच काम अर्ध्यावर येतं. त्या अर्थाने खायला घालणं वाया जात नाही. ती पहिली पायरी आहे, जर पुढची चढणार असाल तर.

आमची चूक सांगते. दुसऱ्या वर्षी डिसेंबरात एक कबरी पकडली, रात्रभर उपाशी ठेवली, सकाळी टेम्पोने तासभर लांबच्या डॉक्टरांकडे नेली. टेबलावर झोपवल्यावर डॉक्टरांनी पोटावरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. सडांभोवतीचे केस गेलेले, सड ओले. काकूंना फोन लावला तर त्या म्हणाल्या, "अगो, पान्हा बघितला नाहीस काय? पोरं कुठायत हिची?" दोन तास शोधून त्यांना उपड्या होडीखाली, जुन्या जाळ्याच्या ढिगात चार पिल्लं सापडली, डोळेही न उघडलेली. डॉक्टरांनी ऑपरेशन लगेच केलं. त्याने दूध जात नाही. शुद्धीवर आल्यावर संध्याकाळीच तिला आणून सोडली. ती सरळ जाळ्यात शिरली. तीन वाचली. तेव्हापासून पिंजऱ्यातल्या प्रत्येक भाटीचं पोट टॉर्च मारून खालून बघितल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि पाजती असेल तर पिल्लं सहा-आठ आठवड्यांची होईतो थांबतो.

डॉक्टर कुठले, हा खरा अडसर. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात खर्च नगण्य, पण तिथलं काम गाई-म्हशी-शेळ्यांचं. मांजराला भूल द्यायची सोय आणि सवय दोन्ही असेलच असं नाही, आणि मे-जूनमध्ये डॉक्टर घटसर्प-फऱ्या या गुरांच्या रोगांच्या लशी घेऊन गावोगाव. मोठ्या गावातला खासगी पशुवैद्य भाटीमागे हजारांत घेतो, वर गाडीभाडं. प्राणीप्रेमी संस्थांचं शिबिर लागलं तर एका दिवसात दहा-पंधरा होतात, पण ती सगळी आदल्या संध्याकाळी पकडलेली हवीत आणि नंतर एक-दोन रात्री ठेवायला कोरडी जागा हवी. आम्ही खासगीकडे जातो, एका वेळी दोन-तीन. फोन करताना दोनच गोष्टी विचारा: टाके आपोआप विरघळणारे घालता का, आणि भूल उतरायच्या आधी डाव्या कानाचं टोक कापून देता का. कापलेला कान लांबून दिसतो आणि तेच मांजर पुन्हा टेबलावर जात नाही. त्याच भुलेत रेबीजची लसही होते.

हंगाम दिवाळी ते शिमगा. पावसात जखम ओली राहते, अळ्या पडतात, आणि पिंजरा ठेवायला कोरडा कोपरा मिळत नाही.

पिल्लं घरी आणण्याबद्दल मी थोडी कडवट आहे, तेव्हा तेवढं वजा करून वाचा. सात-आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू माणसाळतं. बंदरावर वाढलेलं मोठं मांजर बहुधा नाही, त्याला घरात कोंडणं म्हणजे शिक्षा. पिल्लांना घर मिळतंही. पण कोकणातली मागणी मे महिन्यातली असते. मुंबईहून आलेली नातवंडं पिल्लू मागतात, दोन आठवडे कुशीत घेऊन झोपतात, जूनमध्ये गाडी सुटते आणि पिल्लू आजीच्या पडवीत. सहा महिन्यांनी ते वितं. ऑपरेशनची तारीख ठरल्याशिवाय आम्ही आता पिल्लू देत नाही, ते दोन महिन्यांचं आणि किलोभर वजनाचं झालं की बरेच डॉक्टर करतातही. दुसरा धोका साथीचा. उलट्या, जुलाब आणि दोन दिवसांत खेळ खलास, असा मांजरांचा पार्व्हो विषाणू घरात शिरला की फरशीवर, गोणपाटावर महिनोन्‌महिने टिकतो. नवं पिल्लू दोन आठवडे वेगळ्या खोलीत, आणि सहा-आठ आठवड्यांपासून लशी. वेगळी खोली नसेल तर ही वाट धरू नका. आम्ही एका पावसाळ्यात एकाच मोरीत सहा पिल्लं ठेवली होती. एक उरलं.

मग तुम्ही काय करावं? एकट्या असाल आणि दिवसाला तासभर असेल तर सगळं बंदर अंगावर घेऊ नका. एका कोपऱ्यातली पाच-सहा मांजरं धरा, वहीत रंग, भाटी की बोका, कान कापलाय का, एवढं लिहा, आणि त्या कोपऱ्यातली शेवटची भाटी होईपर्यंत शेजारच्या कोपऱ्याकडे वळू नका. आत्ता मे चालू असेल तर यंदा नुसतं खायला घाला, बंदी निभावून न्या आणि त्या दोन महिन्यांत ओळखी करून घ्या, पिंजरा दिवाळीनंतर. तिघं-चौघं असाल तर कामं वाटा. आमच्याकडे काकू पकडण्यात, मुलं गाडीत, मी फोन आणि पैशांत. खायला घालणारे दहा मिळतात, ऑपरेशननंतरची रात्र पिंजऱ्याशेजारी काढणारा एक मिळत नाही, तो आधी शोधा.

आणि मुंबईत राहून पैसे पाठवणार असाल तर पोत्याने खाणं पाठवू नका. एका भाटीच्या ऑपरेशनचे पाठवा आणि कापलेल्या कानाचा फोटो मागा.