जिब आवळायची की स्लाइड स्क्रॅप करायची?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या माझ्या शेडमध्ये यंत्रमागाचे बुश काढणारा छोटा लेथ आहे. पार्टिंग करताना, म्हणजे तुकडा कापून वेगळा करताना, तो थरथरायला लागला. टूल पोस्ट हाताने ढकललं की डायल गेजचा काटा ०.१२ मिमी सरकायचा आणि हात काढला तरी तिथेच राहायचा. म्हणजे टूल पोस्ट ज्यावर सरकतं ती स्लाइडच ढिली.

जिब म्हणजे स्लाइडच्या फटीतली, स्क्रूने दाबली जाणारी पट्टी. ती आवळणं अर्ध्या तासाचं काम. स्क्रू जागेवर धरणारा चेकनट सैल करायचा, स्क्रू थोडा थोडा फिरवायचा, प्रत्येक वेळी हँडल फिरवून बघायचं. चेकनट आवळताना स्क्रू धरून ठेवा, नाहीतर तोही सोबत फिरतो आणि सगळी मेहनत वाया.

पण झीज सगळीकडे सारखी नसते. रोजचं काम स्लाइडच्या मधल्या भागावर होतं, तोच जास्त घासतो. तिथला ढिलेपणा काढला की टोकाला हँडल जाम! तिथे जिब हरते.

मग स्क्रॅपिंग. सरफेस प्लेटला, म्हणजे अगदी सपाट पाटाला, निळा रंग अगदी पातळ लावायचा, स्लाइड त्यावर घासायची, स्लाइडवर निळे ठिपके, म्हणजे प्लेटला टेकणारे उंचवटे, दिसतील तेवढेच खरवडायचे. पुन्हा रंग, पुन्हा खरवड. इंचभर चौरसात दहाएक ठिपके आले की बैठक चांगली. यात दिवस जातात आणि घाईत चूक झाली की खरवडलेलं बीड (ओतीव लोखंड) परत येत नाही.

मी आधी जिबच बघतो. टोकाला अडलं तरच स्क्रॅपर हातात घेतो. हँडलचा रिकामा फेरा, म्हणजे स्लाइड न सरकता हँडल नुसतंच फिरणं, मात्र दोन्हींनी जात नाही, त्याला हँडलच्या स्क्रूवरचा गनमेटलचा नटच बदलावा लागतो.