मिनी मिलिशियातलं उडणं: सगळा खेळ टाकीचा

फर्ग्युसन रस्त्यावरच्या कट्ट्यापासून सदाशिव पेठेतल्या मुलांच्या खोल्यांपर्यंत "नायट्रो संपला रे!" ही आरोळी ज्यांनी ऐकलीय, त्यांना मिनी मिलिशिया या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या खेळाची ओळख करून द्यायला नको. बंदुकांवर पुष्कळ बोलून झालंय, म्हणून इथे फक्त उडण्याबद्दल. खेळाच्या भाषेत ते रॉकेट बूट. आपल्याकडे कुणी जेटपॅक म्हणतं, बहुतेक जण नायट्रो. डावी जॉयस्टिक वर ढकलली की सैनिक उडतो आणि इंधनाची टाकी उतरू लागते. अंगठा सैल सोडला की ती पुन्हा भरायला लागते.

मोबाइलवर याच्या तोडीचं उड्डाण क्वचितच सापडेल, आणि त्याचं श्रेय या छोट्या टाकीला आहे. २००४च्या जीटीए सॅन अँड्रियास या खेळातला जेटपॅक आठवा. 'ब्लॅक प्रोजेक्ट' मोहिमेत तो हाती लागतो, इंधन कधीच संपत नाही. शहर वरून बघायला झकास, पण कधी उतरायचं हा प्रश्नच पडत नाही, म्हणून थोड्या वेळात तो नुसतं वाहन होतो. २०१९च्या आउटर वाइल्ड्स या खेळाने उलटं केलं: इंधन संपलं की जेटपॅक तुमचा श्वासाचा ऑक्सिजनच ढकलायला वापरतो. प्रत्येक धक्का जपून द्यावा लागतो. खऱ्या जगातही गोष्ट टाकीपाशीच अडली होती. १९६१मध्ये उडालेला बेल कंपनीचा रॉकेट बेल्ट हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालायचा आणि जेमतेम वीस सेकंद हवेत राहायचा.

मिनी मिलिशियात नवखा खेळाडू हमखास एक चूक करतो: जॉयस्टिक वर दाबून धरतो. टाकी रिकामी होते, सैनिक दगडासारखा सरळ खाली येतो. 'आउटपोस्ट' या नकाशात समोरचा मुरलेला असेल तर तो तुमचा पाठलागही करत नाही. तुम्ही जिथून पडणार त्या रेषेवर नेम धरून थांबतो, कारण टाकी रिकामी झालेल्याला वाट बदलता येत नाही. उपाय म्हणजे टिचक्या. छोटा धक्का, सैल, पुन्हा छोटा धक्का. कड्याच्या माथ्यापर्यंत इंधन जाळू नका. थोडं आधीच सोडा, आधीच्या वेगाने उरलेलं अंतर कापलं जातं. खाली येतानाही जमीन जवळ येईपर्यंत थांबू नका. पडण्याचा वेग एकदा वाढला की तो मारण्यातच टाकी खर्च होते, वर जायला काही उरत नाही. लढाईत उतरताना निम्मी टाकी हाताशी हवी, म्हणजे ग्रेनेड पडला तर निसटता येतं. 'लुनार्सी' या नकाशावर गुरुत्व कमी, त्यामुळे तोच धक्का कितीतरी उंच नेतो. तिथे टिचक्या आणखी बारीक कराव्या लागतात.

'अनलिमिटेड नायट्रो'वाली, म्हणजे इंधन संपूच नये असा फेरफार केलेली 'मॉड' आवृत्ती फोनमध्ये असेल तर ती आजच काढा. सगळे कायम हवेत, कुणाला खाली यायचं कारण नाही, आडोशांना अर्थ नाही. दोन डावांत कंटाळा येतो. शिवाय अनोळखी ठिकाणची फाइल फोनमध्ये घालणं धोक्याचंच.

खेळण्याची खरी मजा एकाच खोलीत, वाय-फायवर. एकाने हॉटस्पॉट चालू करायचा, बाकीच्यांनी जोडायचं, मग खेळात एकाने डाव उघडायचा. इंटरनेट लागत नाही. डेक्कन क्वीन घाटातल्या बोगद्यात शिरल्यावर रेंज गेली तरी डाव चालू राहतो. डाव दिसत नसेल तर आधी सगळ्यांची आवृत्ती एकच आहे का बघा. हॉस्टेलच्या किंवा कॉलेजच्या वाय-फायवर बसला असाल तर दोष बहुधा राउटरचा असतो. अशा ठिकाणी जोडलेली उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशी सोय केलेली असते. तिथे हॉटस्पॉटच बरा. तोही अनेक फोनवर आठ-दहा जोडण्यांपलीकडे जात नाही, म्हणून गट मोठा असेल तर साधा राउटर आणून ठेवा.

खेळाची सर्वांत मोठी उणीव हातात जाणवते. जॉयस्टिक काचेवर काढलेली, त्यामुळे 'वर' आणि 'तिरपं वर' यांतला फरक अंगठ्याला कळत नाही. सरळ चढायचं असताना सैनिक भिंतीला घासत जातो. उन्हाळ्यात घामाने अंगठा अडखळतो, टिचकी लांबते आणि टाकी फुकट जाते. कोरडा रुमाल जवळ असू द्या. कडेवरून सरकवून मागे जाण्याची सोय फोनमध्ये चालू असेल तर ऐन उड्डाणात खेळ बंद करायचा का असं विचारलं जाऊ शकतं. सेटिंगमध्ये जाऊन तीन बटणांची पद्धत निवडा, किंवा फोनचा गेम मोड चालू करा. वक्र कडांच्या स्क्रीनवर तळहाताचा स्पर्शही मोजला जातो. तिथे जाड कडांचं कव्हर चढवलं की फरक लगेच कळतो.