आत्मिक अंधत्वावरील ध्वनिमुद्रित अभ्यासमाला : उलटतपासणी उत्तम, आवाहन घाईचे

बायबलमधील योहानकृत शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) नवव्या अध्यायावर बेतलेली ही ध्वनिमुद्रित अभ्यासमाला या विषयावरच्या नेहमीच्या प्रवचनांपेक्षा उजवी ठरते ती तिच्या संथपणामुळे. येशूने डोळ्यांना माती लावलेला जन्मांध मनुष्य यरुशलेमच्या शिलोह तळ्यात डोळे धुऊन, दृष्टी मिळवून येतो तो प्रसंग पहिल्या 7 वचनांतच (श्लोकांतच) संपतो. 41व्या वचनापर्यंतचा उरलेला अध्याय बहुतांशी उलटतपासणीचा आहे, आणि निवेदकांनी आपला वेळ तिथेच खर्च केला आहे. शब्बाथाच्या, म्हणजे काम वर्ज्य असलेल्या विश्रांतीच्या, दिवशी येशूने माती कालवली या एका मुद्द्यावर अडून बसलेले परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचे लोक), यहुदी सभास्थानातून बहिष्कृत होण्याच्या धास्तीने ‘त्यालाच विचारा, तो वयात आला आहे’ असे सांगून अंग काढून घेणारे आईबाप, आणि ‘तुम्हालाही त्याचे शिष्य व्हायचे आहे काय?’ असे येशूविषयी त्या विद्वान परूश्यांना बेधडक विचारणारा तो कालचा भिकारी, हे सारे इतके जिवंत उभे राहते की नियमाने उपासनेला जाणारा श्रोता आपण परूश्यांच्या बाकावर तर बसलेलो नाही ना, या शंकेने अस्वस्थ होतो. मालेचे खरे यश हेच.

एक गोष्ट मात्र खटकते. या मनुष्याचे अंधत्व त्याच्या किंवा आईबापांच्या पापाचे फळ नव्हे, हे येशूने तिसऱ्याच वचनात स्पष्ट केले आहे आणि निवेदकही ते आवर्जून सांगतात. तरीही पुढे ‘आंधळा’ हा शब्द ते सरसकट दूषण म्हणून वापरतात. दृष्टिहीन श्रोत्यांनी तो कसा ऐकावा?

अंतःकरणाच्या मोकळेपणावरचा शेवटचा भाग सर्वांत कच्चा आहे. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात, फिलिप्पै नगराच्या नदीकाठी येशूचा संदेश सांगणाऱ्या पौलाचे बोलणे ऐकणाऱ्या लुदियेचे अंतःकरण प्रभूने उघडले, असे लिहिले आहे. जांभळी वस्त्रे विकणारी ही स्त्री आधीपासूनच देवाची भक्ती करत होती. ऐकणे तिचे आणि उघडणे प्रभूचे, हा नाजूक संबंध उलगडण्याऐवजी येथे पार्श्वसंगीत वाढते आणि ‘आताच हृदय उघडा’ असे भावनिक आवाहन सुरू होते. बाप्तिस्म्यानंतर तिने पौलाला आणि त्याच्या सोबत्यांना आग्रहाने घरी राहायला नेले, याचा तर उल्लेखही नाही.

सोबतची प्रश्नपत्रिका चांगली आहे, फक्त उत्तरे त्याच पानावर छापायला नको होती. गटात अभ्यास करणाऱ्यांनी शेवटचा भाग वगळून तेवढा वेळ लुदियेचा उतारा मोठ्याने वाचण्यास द्यावा.