आयपॉड शफल की क्लिप प्लस?

गाणी ऐकायचे हे दोन्ही छोटे प्लेअर आता जुन्या बाजारातच मिळतात. ॲपलचा शफल (२०१०) फार देखणा, वजन जेमतेम १२.५ ग्रॅम. धातूची क्लिप सदऱ्याला घट्ट बसते. पण पडदा नाही, जागा २ जीबीच, आणि गाणी भरायला ॲपलचंच सॉफ्टवेअर (आयट्यून्स वगैरे) लागतं. चार्जिंगची वायर हेडफोनच्याच भोकात जाते. ती खास वायर हरवली की पंचाईत.

म्हणून मी सॅनडिस्कचा क्लिप प्लस घ्या म्हणेन. साधी मिनी-यूएसबी वायर लावा, पेनड्राइव्हसारखे फोल्डर ओढून टाका, झालं! मायक्रोएसडी कार्ड बसतं, एफएमही आहे. माझ्या आईला छोट्या पडद्यावर अभंगाचं नाव दिसतं, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. घेताना बॅटरी तेवढी तासभर वाजवून बघा.